जर्मन बोटीवरचे आमचे व्याही

कधीच बुडून गेलेल्या एका जर्मन आगबोटीवर रोज नेमाने कामाला जाणारा साऱ्या अमिरातीत एकच मनुष्य असेल, आणि तो नेमका आमच्या लेकीचा सासरा निघावा, याबद्दल मी माझ्या नशिबालाच बोल लावते. स्थळ बघताना आम्ही काही बघायचं ठेवलं नव्हतं. मुलगा बघितला, त्याचं शिक्षण बघितलं, पत्रिका बघितली, ओळखीच्या चार लोकांकडे घराण्याची चौकशी केली. सगळे म्हणाले, माणसं देवासारखी आहेत. "मुलाच्या वडिलांना आगबोटीचा नाद आहे का हो?" असं विचारायचं तेवढं राहून गेलं. आता कुणाला सुचेल हे विचारायचं?

व्याही मूळचे गुहागरकडचे. तरुणपणी दुबईत आले ते इथलेच झाले. अल कुसैसमध्ये त्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे, म्हणजे कामगारांच्या मेसला जेवण पुरवण्याचा धंदा. मुहैस्नाहच्या कॅम्पांमध्ये आपल्याकडची जी पोरं राहतात, कुणी रत्नागिरीचं, कुणी जालन्याचं, कुणी थेट गोंदियाचं, त्यांना वरणभात, भाजी, चपाती रोज रात्री यांच्याकडून जाते. समोरासमोर मी त्यांना अण्णा म्हणते, आणि ते मला ताई म्हणतात. बोलणी करायला ते आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी आले, तेव्हा आमचे हे मानपानाची यादी मनात घोकून, इस्त्रीचा झब्बा घालून बसले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि अण्णांनी कागद मागितला. आम्हाला वाटलं, आता देण्याघेण्याचं लिहिणार. त्यांनी कागदावर एक बोट काढली, मधोमध उभी चिरलेली, आणि आमच्या ह्यांना विचारलं, "हा इथे वर भटारखाना. ही इथे तळाशी शेकडो माणसं. समुद्र खवळलेला. आता सांगा, इथून इथे गरम जेवण कसं न्यायचं?" ह्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेलेली. हे घाबरून म्हणाले, "लिफ्टने?" अण्णांनी ह्यांच्याकडे जी नजर टाकली ती मी आजही विसरलेले नाही. विहीणबाई मात्र शांतपणे दुसऱ्यांदा पोहे वाढून घेत होत्या, हे सगळं आधी पुष्कळदा होऊन गेलेल्या माणसासारख्या. शेवटी मीच धीर करून देण्याघेण्याचं काढलं, तर अण्णा म्हणाले, "मुलगी द्या आणि जेवायला बसा. दुसरं काय असतं?" तिथे मी मनातून हो म्हणून टाकलं. बोटीचं पुढे बघू, म्हटलं. पुढे तेच बघावं लागलं.

या बोटीचं कूळ सांगते. पूर्वी एका बांधकामाच्या साईटवर अण्णा जेवण पुरवायचे. तिथला जर्मन इंजिनीयर मायदेशी परत जाताना, काका, तुमचं जेवण विसरणार नाही, असं म्हणून आपलं एक जाडजूड पुस्तक त्यांना देऊन गेला. आकाराने पाटाएवढं, आणि अक्षरन् अक्षर जर्मनमध्ये. दुसरा कुणी असता तर त्यावर कढई ठेवली असती. अण्णांनी आधी नुसती चित्रं बघितली. मग मोबाईलमध्ये भाषांतराची सोय आली, तसा फोनचा कॅमेरा पानावर धरून ते ओळीओळीने वाचू लागले. एका पानाला अख्खी दुपार. त्यातून जे कळलं नाही ते त्यांनी चित्रांवरून समजून घेतलं. "हे पुस्तकात कुठे लिहिलंय?" असं त्यांना कधी विचारू नये. "लिहिलेलं नाही, पण चित्रात दिसतं," हे उत्तर ठरलेलं. बोटीचं नाव एका जर्मन शहराचं आहे, पण जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं अण्णा ते घेत नाहीत. नुसतं 'आपली बोट'.

आपल्या बोटीची हकीकत आता मला तोंडपाठ आहे. न होऊन करते काय? अटलांटिकपार माणसं न्यायला जर्मनांनी ज्या अगदी पहिल्या आगबोटी ठेवल्या, त्यांतली ही एक. बोट जर्मनांची, पण बांधलेली स्कॉटलंडात, कारण एवढं मोठं लोखंडी काम तेव्हा तिकडे चांगलं होई. मधोमध धुराडं आणि शिवाय तीन डोलकाठ्या. म्हणजे इंजिनावर भरवसा आहे, पण पुरता नाही. वारा मिळाला की शिडं उभारून कोळसा वाचवायचा. जर्मनीच्या उत्तरेकडच्या बंदरातून निघायचं, वाटेत इंग्लंडला टेकायचं, आणि दोनेक आठवड्यांत न्यूयॉर्क. वरती थोडे पैसेवाले गाद्यांवर, आणि खाली फळ्या ठोकलेल्या बंकांवर शेकडो सुतार, लोहार, मोलकरणी, पोरंबाळं, सगळे घरदार विकून अमेरिकेला निघालेले. अंथरूण आपापलं, ताटली-चमचाही आपापला. येताना पोटात कापूस आणि तंबाखू भरून आणायचा, की पुन्हा माणसं. वर्षानुवर्षं हेच. एकदा भर समुद्रात बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मोडला, तेव्हा शिडांवर रखडत घरी आली. पुढे हिच्याहून वेगवान बोटी आल्या आणि हिला विकून टाकलं. घेणाऱ्याने इंजिन उपसून काढलं आणि नुसत्या शिडांवर मालवाहू म्हणून हाकली. शेवटी धुक्यात खडकावर गेली. खलास. ही हकीकत सांगून झाली की अण्णा क्षणभर गप्प बसतात, आणि आपल्याला कुणाच्या तेराव्याला आल्यासारखं तोंड करावं लागतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, असतो एकेकाला छंद. पण अण्णांनी ती बोट अल कुसैसच्या स्वयंपाकघरात आणून उभी केली. बोटीवरचे भट्टीवाले चार तास कोळसा ओढत आणि आठ तास विश्रांती घेत, म्हणून यांच्या आचाऱ्यांच्या पाळ्याही तशाच. (हे मात्र बरं झालं. ऑगस्टात चुलीपुढे दहा तास उभं राहायला लागलं की दुसरीकडचे आचारी पळून जातात. अण्णांचे वर्षानुवर्षं टिकले.) बोटीवर डॉक्टर प्रवाशांना तपासायचा, म्हणून दर सोमवारी सगळ्या आचाऱ्यांनी नखं आणि जीभ दाखवायची. दाखवणारे दाखवत, त्यांचा मुख्य आचारी नेपाळचा, तो जीभ जरा जास्तच बाहेर काढायचा. बोटीवर गुरुवारी खारवलेले मासे आणि बटाटे असत, म्हणून अण्णांनी एका गुरुवारी सगळ्या कॅम्पांना सुका बांगडा आणि उकडलेले बटाटे पाठवले. कोकणातली पोरं आनंदाने वेडी झाली, आणि विदर्भातल्या पोरांनी अख्खा मजला सोडून जिन्यात बसून रात्र काढली. त्या आठवड्यात कॅम्पच्या बॉसचे जे फोन आले ते ऐकून विहीणबाईंनी गुरुवारचा उपास धरला. बोटीवरच्या शनिवारच्या गोडातल्या सुक्या आलुबुखारांच्या जागी खजूर घालून केलेला शनिवारचा शिरा मात्र असा चालला की आजही पोरं शनिवारची वाट बघतात.

इथे राहणारा प्रत्येक मराठी माणूस दिरहमचे मनातल्या मनात रुपये करतो. आमचे व्याही दिरहमचा कोळसा करतात. एसीचं बिल आलं की म्हणतात, एवढ्या पैशांच्या कोळशात आपली बोट इंग्लंडपर्यंत गेली असती. त्यांच्यापुढे उकडतंय म्हणायची सोय नाही, लगेच भट्टीवाले काढतात. एकदा भर उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद पडला, तर हा मनुष्य घामाने निथळत, डोळे मिटून म्हणतो कसा, "आता कळतंय खाली कसं वाटत असेल!" मुख्य आचाऱ्याने हातातला झारा ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. आणखी एकदा जेवणाने भरलेली व्हॅन हायवेवर बंद पडली. अण्णा म्हणाले, दांडा मोडला म्हणून काय झालं, शिडं आहेत ना, आणि त्यांनी तीन टॅक्स्या आणि आमची गाडी बोलावली. आमची गाडी नवी होती. वळणावर आमटीचा कॅन कलंडला. पुढे सहा महिने आमचे हे ऑफिसला फोडणीच्या वासात गेले, आणि त्यांच्या साहेबांना भूक लागायची.

आणि एवढं सगळं करून हा मनुष्य जन्मात कधी बोटीत बसलेला नाही. पाण्याची भीती. क्रीक, म्हणजे इथली खाडी, ओलांडायला अब्रा नावाची साधी होडी असते, पाच मिनिटांचं काम. अण्णा लांबून वळसा घालून मेट्रोने जातात. मेट्रोही तिथे पाण्याखालूनच जाते की, असं विहीणबाईंनी दाखवून दिलं, तर म्हणाले, "पाण्याखाली मेट्रो आहे. मी मेट्रोत आहे." नातीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे ढाऊवर, म्हणजे खाडीत फिरणाऱ्या लाकडी गलबतावर, जेवायला गेलो, तेव्हा हे धक्क्यावर खुर्ची टाकून बसून राहिले. आम्ही परत आलो, तर जेवण कसं होतं हे न विचारता, वाढत कसे होते, ते विचारलं. बुफे होता म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. नात म्हणाली, "आजोबा, इट्स ओन्ली अ बोट." ते तिला म्हणाले, "होय गं बाय." तिचा त्यांना राग येत नाही, बाकी कुणी म्हणून बघावं.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती डब्यांची. बोटीवर खालच्या शेकडो माणसांना वाढायला वेगळी माणसं नसत. दहा-दहा जणांची एक टोळी करायची, टोळीने आपल्यातला एक निवडायचा, त्याने पत्र्याचा डबा घेऊन भटारखान्याशी जायचं, दहाजणांचं जेवण आणायचं, सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी आपण बसायचं. अण्णांना सगळ्या पुस्तकात हेच पान सर्वांत आवडलं. त्यांनी ते जसंच्या तसं मुहैस्नाहला नेलं. कॅम्पमध्ये एका खोलीत दहाच्या आसपास पोरं असतात. इतर मेसवाले प्रत्येकाच्या हातात पुडकं देतात. अण्णांकडून मात्र खोलीमागे स्टीलचे झाकणाचे कॅन जायचे, आपल्याकडे दुधाचे असतात तसे. आठवडाभर एकाची पाळी. तो खाली येणार, कॅन नेणार, वाढणार, शेवटी जेवणार. सुरुवातीला पोरांनी कुरकुर केली, मग अंगवळणी पडलं, मग त्यांनाच त्याशिवाय करमेना. बोटीवर म्हणे एका डॉक्टरला शेकडो माणसांत आजारी कोण हे या डब्यांवरून कळायचं. कुठल्या टोळीने कमी जेवण नेलं, की तिकडे जाऊन बघायचं. हे अर्थात पुस्तकात लिहिलेलं नाही, चित्रात दिसतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कॅम्प चालवणाऱ्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट नवीन करायची वेळ आली, आणि त्यांनी अट घातली: यापुढे प्रत्येकाला सीलबंद बॉक्स. वरून प्लास्टिक, त्यावर स्टिकर, स्टिकरवर वेळ. खरं सांगते, मला यात काही वावगं दिसलं नाही. इथला उन्हाळा काय असतो हे मला माहीत आहे. सील नसलेल्या कॅनमधलं वरण किती वेळ तग धरणार? पण अण्णांनी मान हलवली ती आडवीच. हा कॅम्प म्हणजे त्यांच्या धंद्याचा कणा. तो गेला तर स्वयंपाकघर बंद, स्वयंपाकघर बंद तर सगळ्या आचाऱ्यांचे व्हिसा गेले, त्यांना गाशा गुंडाळून घरी जाणं आलं. लेक रडकुंडीला आली. जावई ऑफिसची बाजू बघतो, शांत मुलगा आहे, तोसुद्धा एक दिवस आमच्याकडे येऊन म्हणाला, "आई, बाबा माझं ऐकत नाहीत. तुम्ही मागितलंत तर देतील."

यातली मेख बाहेरच्याला कळायची नाही. आमच्याकडे मुलीच्या आईने मुलीच्या सासरी काही मागायचं नसतं, आणि तिने मागितलंच तर त्यांनी नाही म्हणायचं नसतं. म्हणूनच मागायचं नसतं. इतक्या वर्षांत मी अण्णांकडे पाण्याचा पेलाही मागून घेतला नव्हता. आता मागितलं असतं तर ते माझा शब्द खाली पडू देणार नाहीत, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. मी पदर खोचला. म्हटलं, मागते.

रविवारी सकाळी अल कुसैसला गेले, तर अण्णा मोठे टोप आणि कॅन व्हॅनमध्ये चढवत होते. रविवारी पोरांना सुट्टी, म्हणून दुपारचंही जेवण जायचं. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "ताई, बऱ्या आलात. चला, जाऊन येऊ." मी म्हटलं, वाटेत बोलू. पण वाटेत ते बोटीवर वाटाणे किती भिजवत याबद्दल असे सुटले की मुहैस्नाह कधी आलं ते कळलं नाही. बायामाणसं तिथे येत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी जेवणाच्या हॉलच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि मला लग्नाची पाहुणी असल्यासारखं बसवलं.

एकेक पोरगा येत होता, खोली सांगत होता, अण्णा हातातल्या डावाने कॅन भरून देत होते आणि तो घेऊन जात होता. एकजण आला आणि म्हणाला, "काका, आमच्यात एकाचं कमी घाला." अण्णांचा डाव तिथेच थांबला. कोण, म्हणाले. त्याने नाव सांगितलं. दोन दिवस जेवत नाहीये, विचारलं तर भूक नाही म्हणतो. अण्णांनी डाव दुसऱ्याच्या हातात दिला आणि जिना चढून गेले. मी बसले होते तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते खाली आले आणि आधी स्वयंपाकघरात फोन लावून, एका माणसापुरती मऊ पेज पाठवा, म्हणाले. पोराची दाढ सुजून गाल हा एवढा झालेला. दवाखान्यात गेलो तर रजा पडेल म्हणून कुणाला सांगेना, नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. कॅम्पच्या बॉसला उभं करून अण्णांनी त्याला दवाखान्यात पाठवायची व्यवस्था केली, आणि पुन्हा डाव हातात घेतला. कुठे आवाज नाही, की काही नाही.

मी म्हटलं, "अण्णा, हे कुणी फोन करूनही सांगितलं असतं."

"कुणाला केला असता?" ते म्हणाले. "बॉक्स दिला असता तर त्याने बॉक्स घेतला असता ताई. न उघडता टाकला असता. दहाजण आपापला बॉक्स घेऊन आपापल्या बंकावर. कळलं कुणाला असतं?"

परत येताना व्हॅनमध्ये बोट नव्हती, की वाटाणे नव्हते. मी मनात शब्द जुळवत होते. एकेक वाक्य जुळवायचं आणि त्या सुजलेल्या गालाशी येऊन अडकायचं. बोलायला शिकवावी लागणारी बाई मी नव्हे. मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथे मला सगळे वचकून असतात. पण त्या दिवशी माझं तोंड काही उघडेना. शेवटी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तेच म्हणाले, "तुम्हाला आमच्या मुलाने-सुनेने पाठवलंय."

मी हो म्हटलं.

"काय मागायला पाठवलंय तेही मला माहीत आहे. मागू नका." समोर बघतच बोलत होते. "तुम्ही मागितलंत की मला हो म्हणावं लागेल. मग उद्या कधी वाईट वाटलं, की घरात कुणीतरी म्हणेल, सुनेच्या आईने सांगितलं म्हणून डबे गेले. ते तुमच्या माथी नको. मी सही करतोय. आचाऱ्यांना घरी पाठवून मी काय बोट चालवू?"

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी म्हटलं, सही करायचं ठरलेलंच होतं, तर मला हे सगळं बघायला कशाला आणलंत?

"घरातल्या कुणीतरी एकदा बघितलेलं असावं, म्हणून," ते म्हणाले. मग सिग्नल सुटल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, आपल्या बोटीनंतरच्या बोटींवर खालच्या लोकांनाही टेबलं आली, वाढपी आले, डबे गेले. मी विचारलं, लोकांना ते आवडलं का. "आवडलंच असणार," म्हणाले. "आवडावंच. तेवढं तरी त्यांना मिळायला नको?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. सील करायचं मशीन आलं. ते चालवायला अण्णा स्वतः शिकले, आणि स्टिकर असे काटकोनात लावायचे की कंपनीचा माणूस फोटो काढून घेऊन गेला. फक्त बोलणं गेलं. एसीचं बिल आलं, त्यांनी बघून ठेवून दिलं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर पदराने वारा घेत, काय मेलं उकडतंय, म्हणाले. त्यांनी उठून पंखा लावला. मला इतकं चुकल्यासारखं झालं. नातीने एकदा विचारलंसुद्धा, "आजोबा, हाउ इज द शिप?" म्हणाले, बरी आहे. ज्या बोटीने आमच्या नाकी नऊ आणले होते, ती आपणहून निघून गेली, तर घरात कुणाला जेवण गोड लागेना. त्याच वर्षी त्यांनी स्वयंपाकघर मुलाच्या हाती दिलं आणि विहीणबाईंना घेऊन गुहागरला राहायला गेले. विमानतळावर सगळे रडले. अण्णा विमानात जेवण गरम राहावं म्हणून काय करतात याची चौकशी करत होते, तेवढंच जरा बरं वाटलं.

यंदा पाडव्याला जावयाने कॅम्पमधल्या सगळ्यांना श्रीखंड द्यायचं ठरवलं. लेकीला हात कमी पडत होते, म्हणून मीही गेले. पोरं येत होती, दहा-दहा बॉक्सची चवड हनुवटीखाली दाबून वर नेत होती. एका खोलीला श्रीखंडाच्या वाट्या द्यायच्या राहिल्या. तळमजल्याचीच खोली होती, म्हणून मी नेऊन द्यायला गेले. दार उघडं होतं. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून पोरं गोल बसली होती. मधे तीन टोप. एकजण उकिडवा बसून बॉक्स फोडत होता; भात एका टोपात, वरण दुसऱ्यात, भाजी तिसऱ्यात. रिकामे बॉक्स बाजूला रचून ठेवले होते. सगळे रिते झाल्यावर त्याने डाव घेतला आणि ताटांत वाढायला लागला.

मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "काकू, पहिले चार दिवस बॉक्समधूनच खाल्लं. बरं नाही वाटलं. मग टोप आणले." आणि मग, आपण काही चुकीचं करतोय की काय असं वाटून, हळूच म्हणाला, "ऑफिसात सांगू नका."

मी वाट्या ठेवल्या आणि बाहेर येऊन उन्हातच उभ्या-उभ्या गुहागरला फोन लावला. बघितलं ते सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरण हल्ली दाट करतात का?"

मी म्हटलं, असेल, मला काय ठाऊक.

"दाट असेल तर बॉक्सला चिकटतं. दहा बॉक्स ओतले की एका माणसाचं वरण कडेलाच राहतं. म्हणजे वाढणाऱ्याला कमी पडत असणार." मग म्हणाले, "खोलीमागे एक बॉक्स वरण जास्तीचं जायला हवं."

मी म्हटलं, मग सांगा की मुलाला.

"मी सांगितलं तर तो मला हिशेब दाखवेल," अण्णा म्हणाले. "ताई, तुम्ही मागा."

त्याच दिवशी मी लेकीकडे गेले. जावई नुकता येऊन बसला होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडे मी काही मागितलेलं नाही. सणाची साडीसुद्धा, कशाला उगीच, म्हणत घेतलेली आहे. जन्मात पहिल्यांदा जावयापुढे पदर पसरला, आणि मागितलं काय, तर वरण. त्याने माझ्याकडे बघितलं, हातातला चहा खाली ठेवला. का म्हणून काही विचारलं नाही. उद्यापासून पाठवतो, म्हणाला.